कोकण किनाऱ्यावर गळाने मासेमारी करण्यासाठी टिकाऊ स्पिनिंग रीळ कसे निवडावे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. रिळावर, म्हणजे काठीवर बसवून दोरी गुंडाळण्याच्या यंत्रावर, उडालेले पाणी घरी येईपर्यंत वाळते, पण क्षार आतच राहतात आणि कोकणातील दमट हवेतून ओलावा ओढून घेऊन धातूला पुन्हा पुन्हा भिजवत राहतात. त्यामुळे रिळाचे खरे नुकसान समुद्रावर कमी आणि घरच्या खुंटीवर जास्त होते. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवलेला असेल, तर या खाऱ्या ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि स्क्रू शाबूत राहून त्याच्याभोवतीचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपाने झिजत जाते. दुकानात कोणतेही नवे रीळ अलगद आणि गुळगुळीत फिरते. म्हणून निवड करताना क्षार कोठून आत शिरेल, आत शिरल्यावर तो कोणत्या भागाला खाईल आणि तो भाग आपल्याला उघडून साफ करता येईल का, बदलून मिळेल का, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. पुढील सर्व विवेचन याच प्रश्नांभोवती आहे.

त्याआधी आपण कोठे आणि कोणत्या माशासाठी गळ टाकणार आहोत, हे स्वतःशी स्पष्ट करावे. खाडीच्या मुखाशी जिताडा आणि तांबोशी, वाळूच्या किनाऱ्यावर रावस, कातळावरून ट्रेव्हली किंवा गोबरा आणि होडीतून सुरमई, या चारही ठिकाणी रिळावर पडणारा ताण वेगळा असतो. जिताडा फार लांब पळत नाही, पण गळ लागताच खारफुटीच्या मुळांत किंवा जेट्टीच्या खांबांत घुसण्याचा प्रयत्न करतो. तेथे पहिल्या काही क्षणांत त्याला अडवण्याची ताकद लागते. सुरमई मात्र मोकळ्या पाण्यात एका दमात शंभर मीटरहून अधिक दोरी ओढून नेऊ शकते, त्यामुळे तिच्यासाठी भरपूर दोरी आणि न अडखळता सुटणारा ड्रॅग, म्हणजे बाहेर जाणाऱ्या दोरीला घर्षणाने रोखणारी योजना, हवा. किनारा, खाडी आणि कातळ या तिन्ही ठिकाणी एकच रीळ वापरायचे असेल, तर ४००० किंवा ५००० क्रमांकाच्या (हा आकडा रिळाचा आकार दाखवतो) आसपासचे रीळ बहुतेकांना पुरते. २५०० किंवा ३००० क्रमांकाचे रीळ खाडीत हलकी आमिषे टाकण्यासाठी सुखाचे असते, तर होडीतून मोठी सुरमई किंवा मोठी ट्रेव्हली पकडण्याचा विचार असेल, तर ६००० ते ८००० किंवा त्याहूनही मोठे रीळ लागते. मासा मोठा लागेल या आशेने खाडीसाठी ८००० क्रमांकाचे रीळ घेण्यात अर्थ नाही. इतके वजन घेऊन दिवसभर ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, टाकणारा हात दोन तासांत थकतो.

हे क्रमांक कोणत्याही सामायिक मानकाने ठरलेले नाहीत, ही बाब नव्या ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. एका कंपनीचे ४००० हे दुसऱ्या कंपनीच्या ४००० पेक्षा लहान किंवा मोठे असू शकते. शिमानोच्या काही मालिकांत क्रमांकाआधी 'सी' हे अक्षर असते. त्याचा अर्थ अंग लहान आकाराचे आणि स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळली जाते तो भाग, त्याच्या पुढच्या आकाराचा, म्हणजे सी३००० चे अंग २५०० चे असते. दाइवाने २०१८ मध्ये 'एलटी' ही मांडणी आणली, तेव्हा त्यांच्या क्रमांकांचा जुन्या क्रमांकांशी मेळ राहिला नाही आणि नव्या ४००० चे अंग जुन्या ४००० पेक्षा लहान झाले. त्यामुळे क्रमांकापेक्षा खोक्यावर छापलेल्या तीन गोष्टी पाहाव्यात: वजन, दोरी किती जाडीची किती मीटर बसते आणि हँडलच्या एका फेऱ्यात किती सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते.

दोरीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण रिळाची क्षमता तिच्यावरच मोजली जाते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, ताणला जातो आणि घर्षण चांगले सोसतो, पण त्याच ताकदीच्या विणलेल्या दोरीपेक्षा, म्हणजे ब्रेडपेक्षा, तो बराच जाड असतो. ब्रेडची जाडी बहुधा 'पीई' क्रमांकात दिलेली असते. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर आणि पीई २ म्हणजे सुमारे ०.२३५ मिलिमीटर. किनाऱ्यावरून आणि खाडीत पीई २ किंवा त्याच्या आसपासची, म्हणजे साधारण २० ते ३० पाउंड ताकदीची ब्रेड दोनशे ते अडीचशे मीटर बसत असेल, तर ती क्षमता पुरेशी समजावी. कातळावरून आणि शिंपल्यांनी भरलेल्या खांबांजवळ पुढचा दीड-दोन मीटरचा तुकडा मात्र जाड तंगुसाचाच हवा.

आता ड्रॅगकडे वळू. माझ्या मते रिळाची निम्मी किंमत याच भागासाठी मोजावी. मासा जोराने ओढू लागला की दोरी तुटण्याआधी स्पूल सरकून ती सुटू द्यावी, यासाठी स्पूलच्या आत एकावर एक चकत्या दाबून बसवलेल्या असतात. खोक्यावर 'कमाल ड्रॅग १२ किलो' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि ग्राहक त्याच आकड्याला भुलतो. प्रत्यक्षात ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या भागापासून फार तर तिसऱ्या भागापर्यंतच लावायचा असतो. २० पाउंडांची दोरी म्हणजे सुमारे ९ किलो. तिच्यावर ३ किलोपेक्षा जास्त ड्रॅग लावू नये. म्हणजे ४००० क्रमांकाच्या रिळात १२ किलोचा आकडा कधीच वापरला जाणार नाही. पाहायचे आहे ते हे की, २ ते ३ किलोच्या दाबावर दोरी एकसारखी सुटते की झटके देत सुटते. स्थिर चकती हलू लागण्यासाठी लागणारा जोर आणि ती हलत असताना लागणारा जोर यांत जितका फरक कमी, तितका ड्रॅग चांगला. हा फरक मोठा असेल, तर माशाच्या प्रत्येक नव्या उसळीला दोरीला हिसका बसतो, आणि गळ सुटतो किंवा गाठ तुटते ती नेमकी त्याच क्षणी.

दुसरी गोष्ट अनेक अनुभवी गरवणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. दोरी बाहेर जाऊ लागली की स्पूलवरील दोरीच्या थराचा व्यास कमी होत जातो, पण चकत्यांचे घर्षण तेवढेच राहते. परिणामी दोरीवरचा ताण वाढत जातो. थराचा व्यास निम्म्यावर आला, तर ताण जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे ३ किलोवर लावलेला ड्रॅग मासा दूर गेल्यावर ६ किलोचा झालेला असू शकतो, आणि त्यात काठीच्या कड्यांतील घर्षणाची भर पडते. मोठ्या व्यासाच्या आणि उथळ स्पूलवर हा परिणाम कमी जाणवतो, म्हणून सारखीच दोरी बसणाऱ्या दोन रिळांपैकी रुंद स्पूलचे रीळ खाऱ्या पाण्यासाठी अधिक बरे.

चकत्या कशाच्या आहेत, हे विक्रेत्याला विचारावे. तेल लावलेल्या नमद्याच्या चकत्या हलक्या दाबावर अतिशय मऊ चालतात आणि लहान रिळांत त्या योग्यच आहेत, पण मासा लांब पळाला की घर्षणाची सगळी उष्णता त्यांच्यात साठते आणि त्यांची पकड बदलते. कार्बन तंतूंच्या चकत्या ही उष्णता सोसतात. पेन कंपनीच्या अनेक रिळांवर 'एचटी-१००' असे लिहिलेले असते, ते अशाच कार्बन चकत्यांचे नाव आहे. ड्रॅगची फिरकी पुढे असलेली रिळेच घ्यावीत. मागे फिरकी असलेल्या रिळांत चकत्या लहान असतात आणि समुद्रातील माशांसाठी ती रचना दुबळी ठरते. दुकानात तपासणी सोपी आहे: रिळाला थोडी दोरी भरून घ्यावी, तिला सामान मोजण्याचा हातातला वजनकाटा अडकवावा, फिरकी २ किलोवर लावावी आणि हळूहळू ओढत काट्याकडे पाहावे. सुटण्यापूर्वी काटा ३ किलोवर चढून मग एकदम २ वर कोसळत असेल, तर ते रीळ परत ठेवावे.

अंगाच्या धातूबद्दल बरीच मतमतांतरे आहेत. पूर्ण ॲल्युमिनियमचे अंग ताणाखाली वाकत नाही, त्यामुळे आतील गिअरचे दात एकमेकांत बरोबर बसून राहतात. प्लास्टिकमध्ये कार्बन तंतू मिसळून केलेले अंग गंजत नाही आणि हलके असते, परंतु स्वस्त रिळांत ते इतके लवचीक असते की मासा ओढत असताना रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणारा भाग, तिरका होताना डोळ्यांना दिसतो. दुकानात एका हाताने रिळाचा पाय धरून दुसऱ्या हाताने रोटर हलकेच बाजूला दाबून पाहावा. किती हालचाल होते, ते दोन वेगवेगळ्या किमतींची रिळे शेजारी ठेवून पाहिल्यावर चटकन कळते. मॅग्नेशियमचे अंग वजनाने मोहात पाडते, पण वरचा लेप खरवडला गेला की खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही वेगाने झिजते. कोकणातल्या कातळावर रीळ टेकवणाऱ्याने ते टाळावे. आतील मुख्य गिअर स्वस्त रिळांत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि जड आमिषे ओढून त्याचे दात लवकर झिजतात. कातून घडवलेले ॲल्युमिनियमचे गिअर आणि पितळी पिनियन, म्हणजे त्यात अडकून रोटर फिरवणारे लहान गिअर, ही जोडी मध्यम किमतीत मिळू शकते, आणि ती मिळत असेल तर रंग, नक्षी आणि जादा स्पूल यांचा मोह सोडावा.

रिळात सर्वांत आधी बिघडणारा भाग म्हणजे लाईन रोलर, अर्थात बेलच्या (दोरी स्पूलवर वळवणाऱ्या, उघडमिट होणाऱ्या) तारेच्या टोकाशी असलेली ती छोटी चाकी, जिच्यावरून ओली दोरी आत येते. प्रत्येक फेऱ्यात दोरीबरोबर आलेले खारे पाणी आणि बारीक वाळू थेट तिच्या बेअरिंगवर पिळली जाते. हे बेअरिंग अडकले की चाकी फिरत नाही, दोरी एकाच जागी घासत राहते, पीळ पडू लागतो आणि काही दिवसांतच ब्रेडचे केस सुटू लागतात. बिचारा मालक मात्र दोरीला दोष देतो. म्हणून घेताना चाकीवर बोटाने दोरीचा तुकडा ताणून ती खरोखर फिरते का, ते पाहावे आणि ती एका स्क्रूने उघडता येते का, हे विचारावे. उघडता येणारा साधा रोलर मी बंदिस्त महागड्या रोलरपेक्षा पसंत करतो, कारण दोन थेंब तेल टाकून तो वर्षानुवर्षे चालवता येतो. दाइवाच्या काही रिळांत चुंबकीय तेलाने पाणी अडवण्याची योजना असते. ती उत्तम काम करते, पण तेथे घरचे तेल घातले की ते चुंबकीय तेल बिघडते आणि रीळ सेवा केंद्रातच पाठवावे लागते. असे केंद्र आपल्या आवाक्यात नसेल, तर हा विचार आधी करावा.

बेअरिंगच्या संख्येवर निर्णय घेऊ नये. 'अकरा अधिक एक' असे लिहिलेल्या स्वस्त रिळात अकरा ठिकाणी गंज धरू शकतो, तर पाच-सहा चांगल्या, आवरण असलेल्या स्टेनलेस बेअरिंगांचे रीळ त्याच्या दुप्पट टिकते. हँडल मात्र नीट पाहावे. मुख्य गिअरमध्ये थेट आट्यांनी बसणारे हँडल घट्ट असते. आरपार षटकोनी दांडी आणि पलीकडून स्क्रू असलेल्या हँडलात काही महिन्यांत खुळखुळ येते. हँडल उलट दिशेने झटका देऊन फिरवल्यास ते जागीच थांबले पाहिजे. किंचितही मागे सरकत असेल, तर उलटे फिरणे रोखणारा क्लच सदोष आहे, आणि गळ रोवताना नेमका हाच दोष नडतो.

पाणी रोखण्याच्या दाव्यांबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. आयपीएक्स या अक्षरांनंतर येणारा अंक प्रमाणित चाचणी सांगतो. आयपीएक्स५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत. आयपीएक्स६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर. आयपीएक्स७ ची चाचणी वेगळीच आहे: एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. त्यामुळे आयपीएक्स६ असलेले रीळ बुडवले तरी चालेल, असा अर्थ काढता येत नाही. 'एक्स' या अक्षराचा अर्थ असा की धुळीसाठी चाचणीचा अंक दिलेलाच नाही. म्हणजे वाळूबद्दल हे चिन्ह काहीच सांगत नाही, आणि आपल्या किनाऱ्यांवर वाळूच अधिक छळते. पेनच्या स्पिनफिशर ६ मालिकेला आयपीएक्स५ आणि स्लॅमर ३ मालिकेला आयपीएक्स६ हे मानांकन आहे. ही दोन्ही रिळे वजनदार आहेत आणि पाणी अडवणाऱ्या सीलच्या घर्षणामुळे थोडी जड फिरतात. जो माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून किंवा लाटा अंगावर येणाऱ्या कातळावरून गळ टाकतो, त्याने हे वजन आनंदाने स्वीकारावे. जो जेट्टीवरून किंवा होडीतून मासेमारी करतो, त्याला ड्रॅग, क्लच आणि लाईन रोलर या तीन ठिकाणी संरक्षण असलेले हलके रीळ पुरेसे आहे. सील कालांतराने कडक होतात, हेही ध्यानात ठेवावे; पूर्ण बंदिस्त रिळात एकदा पाणी शिरले की ते बाहेरही पडत नाही, आणि वर्षातून एकदा ते उघडून घेणे अनिवार्य ठरते.

गिअर गुणोत्तराचा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर किती फेरे घेतो त्याचा, निर्णय त्या मानाने सोपा आहे. स्पूलचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर ६.२ गुणोत्तराच्या रिळात एका फेऱ्यात सुमारे ९७ सेंटिमीटर आणि ४.९ च्या रिळात सुमारे ७७ सेंटिमीटर दोरी येते. पृष्ठभागावर वेगाने आमिष पळवायचे असेल किंवा मासा आपल्याकडेच धावून येत असेल, तर वेग हवा. खोल पाण्यातून जड आमिष ओढायचे असेल, तर सावकाश गुणोत्तराचे रीळ हाताला हलके जाते. ५.६ ते ६.२ या दरम्यानचे रीळ किनाऱ्यासाठी घ्यावे.

खरेदीला जाताना स्वतःची काठी बरोबर न्यावी. रीळ तिच्यावर बसवून, दोन बोटे रिळाच्या पायाच्या दोन बाजूंना ठेवून काठीचे टोक फार खाली झुकत नाही ना, हे पाहावे. बेल हाताने उघडून बंद करावी. ती मधेच रेंगाळत असेल, तर आमिष फेकताना ती आपोआप मिटून दोरी तुटण्याची भीती असते. मग हँडल अगदी सावकाश फिरवावे, कारण वेगात फिरवल्यावर गिअरची खरखर लपते.

सुटे भाग मिळण्याची खात्री हा माझ्या दृष्टीने शेवटचा, पण निर्णायक निकष आहे. बेलची स्प्रिंग, लाईन रोलरचे बेअरिंग, ड्रॅगच्या चकत्या आणि क्लच हे चार भाग भारतात मागवता येतील का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर ते रीळ कितीही नामांकित असले तरी सोडावे. कोकणातील अनेक घरांत आखाती देशांत नोकरी करणारा भाऊ किंवा मामा सुट्टीवर येताना रीळ आणतो. तेथे निवड मोठी असते, परंतु परदेशात घेतलेल्या रिळाची हमी इथल्या वितरकाकडे बहुधा चालत नाही. म्हणून त्यांना केवळ मॉडेलचे नाव न कळवता इथेही विकले जाणारे मॉडेल आणि सोबत एक जादा लाईन रोलर आणायला सांगावे. पैसे मोजकेच असतील, तर नाव नसलेल्या मोठ्या रिळापेक्षा नामांकित कंपनीच्या खालच्या मालिकेतील रीळ घ्यावे. जुने रीळ घेताना रिळाच्या पायाखालची आणि स्क्रूंभोवतीची जागा पाहावी. रंगाखाली फुगे किंवा पांढरी भुकटी दिसली, तर आत पाहण्याचीही गरज नाही.

रीळ घरी आल्यावर ब्रेड ताणून, ओल्या फडक्यात धरून भरावी आणि स्पूलच्या कडेपासून साधारण दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. स्पूलला आधी तंगुसाचे काही वेढे द्यावेत, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरते आणि ड्रॅग निकामी असल्यासारखा वाटतो. समुद्रावरून परतल्यावर ड्रॅगची फिरकी घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. नळाचा जोरदार झोत क्षारांना आत ढकलतो, आणि बादलीत बुडवण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. पुसून सावलीत वाळवल्यावर फिरकी पूर्ण सैल करावी, म्हणजे चकत्या चिकटत नाहीत. लाईन रोलर, हँडलची मूठ आणि बेलचे सांधे यांना एकेक थेंब हलके तेल पुरे. त्यासाठी शिलाई यंत्राचे तेल चालते, खोबरेल मात्र नको, कारण ते सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि पुढे खवट होऊन चिकट थर धरते. पावसाळ्यात रीळ बंद प्लास्टिक पिशवीत ठेवू नये. सुती पिशवीत, हवेशीर जागी टांगावे आणि दर पंधरा दिवसांनी हँडल वीसेक फेरे फिरवून ग्रीस सगळ्या दातांवर पसरू द्यावे.